कागदावर कापूस नव्हता

१. मास्क.
आदेशने तो काढलाच नाही. मूत्रपिंड आईचं, अंग त्याचं. अंगाने ते परकं मानू नये म्हणून रोज चौदा गोळ्या. "या गोळ्या अंगाची राखण ढिली करतात," डॉक्टरीणबाईंनी सुटी देताना सूचनांचा कागद हातात ठेवत सांगितलं होतं. "आता कोणीही आत शिरेल."

२. पाहुणे नकोत.
त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, पवनारच्या सख्ख्या भावालाही दारातच थांबवलं.
"मामा आहो मी त्याचा, कोरोना नाई."
"मंग बाहीरूनच मामा राह्य."

३. वेगळी, कोरडी खोली.
दिली. घरातला एकुलता पंखा तिथेच होता. फक्त मधली भिंत कौलांपर्यंत पोचत नव्हती.

५. माती, शेण टाळा.
सारवण बंद. तुळससुद्धा शेजारी दिली.

आकडा नसलेलं:
डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. वेचलेला कापूस अंगणात भिजला, तो पलीकडच्या खोलीत आणला. आदेश झोपला की मनकर्णाबाई ढीग हातांनी पालटत. आतला कापूस गरम लागे, त्यावर काळपट ठिपके. लेकाला वास जाऊ नये म्हणून दिवसातून दोनदा पालटत. धूळ उठे, भिंतीच्या वर जाई, आणि मग दिसत नसे.

४. खोकला आला तर वाट पाहू नका.
नऊ दिवस पाहिली. थंडीचा आहे म्हणाले सगळे. दहाव्या दिवशी थुंकीत रक्त.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बहिणीला, अपेक्षाला, फुफ्फुसाचा फोटो दाखवला. पांढरी गाठ, भोवती धुकट कडं.
"बुरशी आहे. गोळ्या कमी कराव्या लागतील. मग मूत्रपिंड टिकेल की नाही, सांगता येत नाही. घरात ओल, सडका चारा, असं काही?"
"काहीच नाही. आईला तुमचा कागद पाठ आहे."
तरी तिने तिथूनच घरी फोन लावला.
"आई, काय करून राह्यली?"
"कापूस पालटून राह्यली. आदेश नाई तवरी त्याच्याच खोलीत पसरला. पंखा जोरात सोडला. दोन दिवसात खडखडीत होते, मंग झाडून देतो खोली."
अपेक्षाने फोन कानापासून दूर केला. फोनमध्ये पंखा गरगरत होता.
"मॅडम, ओला कापूस..."
डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "आधी पंखा बंद करायला सांगा. आणि बाहेर यायला."
अपेक्षाने सांगितलं.
"काऊन?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तं करून राह्यली."