तुमच्यासारख्यांना

मधल्या सुट्टीत तेजस्विनी मॅडमनी डबा उघडला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीच्या दारात कोंडाबाई उभ्या होत्या. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायचं काम अर्ध्यावर टाकून त्या आल्या होत्या. हातात लेकीची, दहावीतल्या रत्नाची, इंग्रजीची वही होती.

"मॅडम, तुमी रत्नाचं एवढं कौतुक केलं, आन् तिनं तुमचं नाव घालवलं. सराव परीक्षेत इंग्रजीतच नापास झाली. आता मॅडमला तोंड कसं दाखवू म्हणती. शाळा सोडून टोमॅटो तोडाय जाती म्हणती."

कसलं कौतुक, ते मॅडमना आठवेना. कोंडाबाईंनी पान उघडून दिलं. निबंधाखाली मॅडमच्याच वळणदार अक्षरात, लाल शाईने, इंग्रजीत शेरा होता: वा, अप्रतिम! तुला जादा तासांची काय गरज? तुमच्यासारख्यांना सगळं अभ्यासाशिवायच मिळतं.

प्रत्येक शब्दावर रत्नाने शब्दकोशात बघून पेन्सिलीने अर्थ लिहिला होता. एकही चुकला नव्हता. तुमच्यासारख्या म्हणजे हुशार, असं समजून पोर हरखली होती आणि मॅडमनी सूट दिली म्हणून तीन महिने जादा तासाला फिरकली नव्हती. का येत नाहीस, असं मॅडमनी एकदाही विचारलं नव्हतं.

आता सगळं आठवलं. त्या दिवशी मॅडमच्या भावाचं ॲडमिशन हुकलं होतं. घरात जो तो आरक्षणाच्या नावाने खडे फोडत होता, आणि मॅडमनी तो राग बौद्ध वस्तीतल्या एका पोरीच्या वहीत ओकला होता. तिला कळणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. आणि ह्याच बाई चारचौघांत सांगत, आम्ही जातपात मानत नाही म्हणून! हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला.

लिहिताना चुकलं, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. कोंडाबाईंनी विश्वासही ठेवला असता. त्या विश्वासाचीच मॅडमना लाज वाटली.

शाळा सुटल्यावर त्या जीपने रत्नाच्या गावी, पिंपरी पेंढारला गेल्या. ओट्यावर बसून मायलेकींना सगळं खरं सांगितलं. ते कौतुक नव्हतं, टोमणा होता. तुमच्यासारख्यांना म्हणजे तुमच्या जातीच्यांना.

रत्ना रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, मंग निबंधात चुका किती व्हत्या?"

निबंध त्यांनी वाचलाच नव्हता. वही मांडीवर घेऊन त्यांनी तो पहिल्यांदा वाचला. नऊ चुका निघाल्या, त्यातल्या दोनच मोठ्या होत्या. उद्यापासून रोज तासभर माझ्यापाशी बसशील का, असं त्यांनी विचारलं. रत्ना हो म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता.

मॅडम लाल शेरा खोडायला गेल्या, तेव्हा कोंडाबाईंनी वहीवर हात ठेवला.

"खोडू नका. ऱ्हाऊ द्या. पुढं कुणी असं गोड लिवलं तर तिला वळखू यायला पायजे. खाली तुमचं नाव तेवढं लिवा."

मॅडमनी आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं.