एकतीस नंबरची ट्यूब

"ताई, हे रगात काय जात न्हाय बगा," गिरिजाबाई बेसिनवर वाकून म्हणाल्या. "गरम पाणी वतलं, पावडर टाकली. आणखीच चिकाटलं."

"गरम पाणी घालूच नका, मावशी. त्यानं रक्तातलं प्रथिन शिजतं, अंड्यासारखं. मग ते भांड्याला धरून बसतं. थंड पाण्यानं धुवा."

"आता! पंदरा वर्सं गरम पाण्यानंच घासतीय की मी. कुणी बोललं न्हाय."

त्यांनी गार पाण्याचा नळ सोडला. गुलाबी पाणी गोल फिरून जाळीत गेलं आणि दोन मिनिटांत बेसिन पांढरं झालं. गिरिजाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जादू केली.

"ह्याच्यासाटी शिकावं लागतं बगा," त्या म्हणाल्या.

लॅबमधला तो माझा पहिला आठवडा होता. तीन वर्षांच्या पदवीचा माझ्या हातून झालेला तो पहिला उपयोग.

पुण्यात मी बायोमेडिकल सायन्स शिकले. आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. तिथं या विषयाचं नावसुद्धा कुणाच्या तोंडात नीट बसत नाही. आप्पांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून मला शिकवलं. लोक विचारायचे, "पोरगी डाक्टर व्हनार का?" आप्पा म्हणायचे, "न्हाय. डाक्टरला जे दिसत न्हाय ते तिला दिसतं. ती रगात वाचती." शेवटच्या वर्षी कॉलेजात करिअर मार्गदर्शन झालं. पडद्यावर संशोधन, औषध कंपन्या, परदेश असे बाण निघाले होते. आमच्या वर्गातल्या अठ्ठावीस जणांपैकी तिघे परदेशी गेले, दोघे विमा कंपनीत दवाखान्याची कागदपत्रं तपासतात, एक जण मशिनं विकतो. मी सोलापूरला सिद्धनाथ सरांच्या लॅबमध्ये आले. दुसरा मजला, खाली चादरींचं दुकान, दारावर मोठा बोर्ड. रिपोर्टवर ज्या डॉक्टरांची सही असते त्यांना मी कधी पाहिलं नाही. ते दुसऱ्या शहरात राहतात. त्यांची सही कॉम्प्युटरमध्ये राहते.

मला किळस सहज येत नाही. विष्ठेचा नमुना काडीनं काचपट्टीवर पसरताना मी त्यातल्या जंतांच्या अंड्यांचा आकार बघत असते. थुंकी, पू, तीन दिवस उन्हात राहिलेली लघवी, सगळं हाताळलंय. शरीरातून येणारं काहीच मला घाण वाटत नाही. ते शरीराबद्दल खरं सांगत असतं. सर लघवीच्या डब्यांशेजारी बसून कांदाभजी खात, आणि भज्यांच्या तेलकट बोटांनीच नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. त्याचीही मला किळस आली नव्हती. राग आला होता.

किळस नंतर आली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी कुंभारीत बायकांसाठी मोफत तपासणीचं शिबिर झालं. एका ट्रस्टनं ठेवलं होतं, रक्त आमच्याकडे येणार होतं. सोमवारी सकाळी थर्माकोलचा खोका आला. चाळीस बायका, प्रत्येकीच्या तीन ट्यूबा, प्रत्येक ट्यूबवर मार्करनं नंबर. जांभळ्या झाकणात हिमोग्लोबिन, करड्या झाकणात साखर, पिवळ्या झाकणात किडनी, लिव्हर, थायरॉईड वगैरे सगळं.

"चेतना, जांभळं आणि करडं लाव मशिनला," सर म्हणाले. "पिवळं राहू दे. भरून टाक."

भरून टाकणं म्हणजे महागड्या तपासण्या न करताच आकडे लिहिणं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. शिबिरांचं ते काम आजवर रामहरी करायचा. रामहरी आमचा जुना टेक्निशियन, शिरेत सुई घालण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. तो कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि मनाला येतील ते चांगले चांगले आकडे टाकत जायचा. मी त्या खोलीत जायचं टाळत होते. मी भरत नाही ना, मग झालं, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"रामहरीदादा करतात ना ते?" मी म्हटलं.

"त्यानंच तर घोळ केला की मागच्या वेळेला! ट्रस्टच्या डॉक्टरचा फोन. म्हणे, एवढ्या बायकांचे आकडे शून्यात नाहीतर पाचातच कसे काय संपतात?" सर हसले. रामहरीही कोपऱ्यातून ओशाळून हसला. "तू सायन्सवाली आहेस. जरा खरं वाटेल असं कर. चार बायकांत थोडंफार इकडंतिकडं दाखव. सगळ्याच ठणठणीत कशा असतील?"

मी नाही म्हणू शकले असते. मी खुर्चीत बसले.

माणूस मनानं आकडे लिहितो तेव्हा त्याला काही आकडे आवडतात. खरं रक्त असं लाड करत नाही. म्हणून मी मनानं काहीच लिहिलं नाही. सरासरी घेतली, विचलन घेतलं, कॉम्प्युटरला यादृच्छिक आकडे काढायला लावले. वय जास्त तिथं क्रिएटिनिन किंचित वर. क्रिएटिनिन वर तिथं युरियाही थोडा वर, कारण एकाच किडनीचे ते दोन साक्षीदार. पाच जणींना कोलेस्टेरॉल जरा जास्त. दोघींना थायरॉईड काठावर. नावांची यादी वेगळ्या कागदावर होती. मी फक्त एक ते चाळीस असे नंबर आणि वयं बघत होते. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मला मजा आली. कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला आली नव्हती एवढी.

ते आठवलं की मला अजून तोंडात आंबट येतं.

"वा!" सर पडद्याकडे बघून म्हणाले. "रामहरी, बघ. याला म्हणतात शिक्षण."

पिवळ्या झाकणाच्या चाळीस ट्यूबा रक्त फिरवायच्या सेंट्रिफ्यूजपर्यंत गेल्याच नाहीत. मी हात धुऊन बाहेर आले तेव्हा गिरिजाबाई त्यांची झाकणं काढून एकेक बेसिनमध्ये रिकामी करत होत्या. गार पाण्याचा नळ चालू होता.

"बगा ताई, तुमी सांगितल्यापास्नं कसं झ्याक निघतंय," त्या म्हणाल्या.

महिनाभरानं एका सकाळी माझं त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. चपलेचा पट्टा काढून तिथं दोरी बांधली होती. घोटा दिसत नव्हता. चेहराही पापण्यांखाली फुगलेला.

"मावशी, बसा बरं जरा. पाय दाखवा."

"काय न्हाय ओ. जिना चढून येतंय असं."

मी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. मी मनात दहा अंक मोजले, तरी तो भरला नाही.

"किती दिवस झाले? डॉक्टरला दाखवलं?"

"दावलं होतं की सिविलला, पावसाळ्यात. त्यो डाक्टर म्हनला, किडनीची तपासणी करून रिपोट घिऊन या, मग औषद सुरू करू. मग ती आपल्या शिबिरात झालीच की! आमच्या कुंबारीत आलं न्हवतं का तुमचं शिबिर? घरामागंच मांडव. गेले मी."

"तुम्ही शिबिरात गेलात? इथं का नाही सांगितलं?"

"सायबाला फुकाट कशाला म्हनायचं? तितं समद्यांचंच फुकाट होतं." त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. चार घड्या, पण एकही डाग नाही. "समदं नारमल आलं. मग गेलेच न्हाय परत सिविलला. आमची सून म्हनत होती, पुन्ना दावा. मी म्हनलं, आमच्या चेतनाताईनं तपासलंय ते. ती पोरगी एक ठिपका चुकू देत न्हाय."

नंबर एकतीस. वय शेहेचाळीस. क्रिएटिनिन ०.८४. युरिया २७. खाली न पाहिलेल्या डॉक्टरांची सही. किती छान जुळत होते ते दोन आकडे एकमेकांशी.

मी सिरिंज आणि पिवळ्या झाकणाची ट्यूब घेतली.

"हात पुढं करा, मावशी."

"आत्ता पुन्ना? कशाला?"

"करा तर."

मी रक्त घेतलं, गोठू दिलं, फिरवलं. आधी ठाऊक आकड्याचा कंट्रोल नमुना लावून मशिन बरोबर आहे ना ते पाहिलं. मग मावशींचा नमुना. क्रिएटिनिन ५.८, जिथं एकच्या आसपास हवं. पुन्हा लावला. ५.७. रामहरी मागे येऊन उभा होता. त्यानं आकडा पाहिला आणि रसायनांच्या बाटल्या पुसायला लागला. त्या पुसलेल्याच होत्या.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. गिरिजाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"अरेरे," सर म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "आपलीच बाई की. नवीन रिपोर्ट काढून दे तिला. पूर्ण पॅनेल कर. म्हणावं, महिन्याभरात वाढलं."

"महिन्याभरात नाही वाढलं, सर. आणि बाकीच्या एकोणचाळीस?"

"त्यांचं काय? कुणाची तक्रार आली का?" ते थांबले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ चेतना, तू हुशार आहेस. ट्रस्टचा डॉक्टर खूश आहे. पुढच्या महिन्यात अक्कलकोटला दीडशेचं शिबिर आहे. तुझंच शीट वापरणार आहोत आपण." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. फाईलला त्यांनी नाव दिलं होतं: चेतना फॉर्म्युला.

सरांच्या बोटांवर तेल होतं. माझं नाव तिथं काचेवर, त्या तेलकट ठशाखाली चमकत होतं. थुंकीची डबी मी न बघता हातात धरू शकते. त्या पडद्याकडे मला दुसऱ्यांदा बघवलं नाही.

मी बाहेर येऊन बाकावर बसले.

"मावशी, तुमच्या किडनीचं काम बरंच कमी झालंय. आज सिव्हिलला जायचं. उद्या नाही, आजच."

"पर त्यो रिपोट?"

"तो खोटा आहे."

"खोटा कसा? तुमीच केलाय न्हवं?"

"हो. मीच." यापुढचं वाक्य मी मनात तीन-चार वेळा जुळवलं आणि शेवटी साधंच निघालं. "मी तुमचं रक्त तपासलंच नव्हतं. आकडे मनाचे टाकले. सगळ्या बायकांचे."

गिरिजाबाई ओरडतील, रडतील असं मला वाटलं. मला ते हवंही असावं.

"मग माजं रगात कुटं गेलं?" त्यांनी विचारलं.

त्यांची नजर सावकाश बेसिनकडे गेली.

"शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी म्या वतलं त्ये," त्या म्हणाल्या. "पिवळी झाकणं. नंबर होते वर." ओठ हलले, त्या आठवत होत्या. "एकतीस. म्हनजे माजं मीच वतलं की."

"मावशी, मी..."

"शेजारची शिवबाई बत्तीस होती. तिची पोरगी सात म्हैन्यांची गरवार हाय. ती तेहतीस." त्यांनी हात आडवा केला, मला बोलू नको म्हणून. "त्यांचं बी?"

"त्यांचंही."

रामहरी आतल्या दारात येऊन परत गेला. खाली कुणीतरी चादरीच्या गठ्ठ्यांवरून भांडत होतं. गिरिजाबाईंनी जुना रिपोर्ट पुन्हा चार घड्या करून प्लास्टिकमध्ये घातला. मी मशिनमधून निघालेली छोटी पट्टी दिली, ५.७ ची, तिच्यावर कुणाचीच सही नव्हती. ती त्यांनी वेगळी, पोलक्यात ठेवली.

"मी येते तुमच्याबरोबर सिव्हिलला," मी म्हटलं.

"नगं. सुनंला फोन लावते मी." त्या उठल्या. उठताना भिंतीला हात लावला, माझ्या पुढं केलेल्या हाताला नाही. "तुमी उंद्या कुंबारीला या. सकाळी, बायका घरी असत्यात तवा. दारोदार जाऊन तुमच्या तोंडानं सांगायचं. मी न्हाय सांगनार. मी सांगितलं तर कोन इस्वास ठिवणार? तुमचं नाव घेऊन मी लई सांगून बसले हाय तितं."

"येते."

"रिकाम्या ट्यूबा घिऊन या. पर आदी सांगायचं. मग ज्या हात दितील त्यांचंच घ्यायचं. न दिला तर गप निगायचं."

त्या बेसिनशी गेल्या. आजच्या नमुन्यांचं रक्त तिथं सांडून काळपट वाळलं होतं. त्यांनी खिळ्यावरचे आपले रबरी हातमोजे काढले, उलटे झालेले सरळ केले आणि बेसिनच्या काठावर एकाशेजारी एक ठेवले. त्यांवर घासणी ठेवली. पंधरा वर्षं त्या जाताना मोजे खिळ्याला अडकवून जात. दोरी बांधलेली चप्पल ओढत त्या जिना उतरल्या. प्रत्येक पायरीवर थांबल्याचं ऐकू येत होतं.

मी शिबिराची यादी काढली आणि चाळीस नावं कागदावर हातानं उतरवली. पहिल्यांदाच ती नावं वाचली. एकतीस नंबरपुढं पूर्ण नाव होतं, नवऱ्याचं आणि आडनावही. एवढे महिने बरोबर काम करून त्यांचं आडनाव मला ठाऊक नव्हतं.

केबिनमधून सर म्हणाले, "चेतना, ते बेसिन कुणीतरी धुवा रे. पेशंट यायला लागलेत."

मी मोजे घातले. आतून ते सकाळच्या कामाचे अजून ओलसर होते. गार पाण्याचा नळ सोडला, घासणी फिरवली. डाग दोन मिनिटांत निघाला. काहीच राहिलं नाही.

मी नळ तसाच वाहता सोडला आणि चाळीस नावांच्या कागदाशेजारी रिकाम्या ट्यूबा मोजून ठेवायला लागले.