बकरीची दुसरी बाजू

वहिनीचा फोन आला तेव्हा नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचत होता आणि मी त्याच्यावर चिडलेली होते. कशावरून ते आता आठवत नाही. त्याच्यावर चिडायला मला फारसं कारण लागत नाही.

"उद्या सकाळी ऑपरेशन ठरलं," वहिनी म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत दाखल व्हायचंय. जाताना तुझ्याकडे थांबायचं म्हणतायत. बकरी ऐकायचीय त्यांना."

"कोण म्हणतंय? दादा?"

"स्वतःच्या तोंडानं म्हणाले. मेहुण्यांना विचार, चालेल का."

"न चालायला काय झालं? त्याला घेऊन ये," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याला विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

माझ्या दादाचा डावा कान पूर्वीच गेला होता. आता उजव्या कानाच्या आत गाठ निघाली होती. ती काढायची तर ऐकण्याची नसही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि ठेवली तर माणूस जाणार. म्हणजे उद्यापासून दादा असणार होता, पण त्याला हाक मारून उपयोग नव्हता. हा विचार मनात आला की मी उठून काहीतरी घासायला घ्यायचे. त्या आठवड्यात आमची भांडी आरशासारखी झाली होती.

बकरी ही एक गाण्यांची तबकडी. दादा घड्याळं दुरुस्त करतो. नवरा कारखान्यात लेथवर असतो, दिवसभर लोखंड कापतो आणि घरी येऊन लोखंडच ऐकतो. दोघं लग्नाआधीपासूनचे मित्र. ब्रिटनमधल्या कारखान्यांच्या गावांतल्या पोरांनी हेवी मेटल वाजवायला नुकती सुरुवात केली, त्या काळातल्या तबकड्या दोघं मिळून गोळा करायचे. नंतरचं, झिलई मारलेलं, यांना चालायचं नाही. कारखान्यातून निघालेली पहिलीच खेप हवी. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर बारीक नंबर कोरलेला असतो, तो दादा डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून वाचायचा आणि नवरा श्वास रोखून उभा राहायचा. मी तेव्हा चहा द्यायला त्या खोलीत जायचे, मग रिकामे कप न्यायला, आणि मग उगाचच. असं आमचं लग्न जमलं.

त्या सगळ्यांत एक तबकडी यांना कुठे मिळत नव्हती. चार पोरांच्या एका बँडनं एकच रेकॉर्ड काढली आणि बँड मोडला. कव्हरवर धुरकट अंगणात ऐरणीवर उभी असलेली बकरी. कित्येक वर्षं पत्रं लिहून, ओळखी काढून ती शेवटी पोस्टानं आली. त्या दिवशी आमच्या घरी सणासारखी गर्दी. पहिली बाजू सगळ्यांनी माना हलवत ऐकली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यांत भारी असं दोघांनी वाचलं होतं. दादाला धीर निघेना, त्यानं सुई थेट त्या गाण्यावर ठेवायला घेतली. ती त्याच्या बोटातून जराशी निसटली आणि धपकन बसली.

गाणं सुरू झालं. मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबतात. त्या शांततेत ऐकू आलं, टक्.

नवऱ्यानं तबकडी काढून दिव्याखाली धरली. "पडला टोचा," तो म्हणाला. "हा बघ, दिसतोय." आणि मग सगळ्यांसमोर, "तुझा हात थरथरतो, काट्या. असल्या हातानं लोकांची घड्याळं उघडतोस?"

दादा बारीक म्हणून काट्या. त्या नावानं त्याला फक्त माझा नवरा हाक मारायचा. कव्हर फाटू नये म्हणून हे लोक तबकडी कव्हरात ठेवत नाहीत, वेगळ्या कागदी पाकिटात ठेवतात. दादानं रिकामं कव्हर उचललं, छातीशी धरलं आणि तो निघून गेला. तेव्हापासून बकरीचा जीव आमच्याकडे आणि कातडं दादाकडे.

त्यानं प्लेअर विकून टाकला. त्याच्या तबकड्या धूळ खात पडल्या. पण मला झोंबलं ते दुसरंच. दुकानात त्यानं मनगटी घड्याळं घेणं बंद केलं. भिंतीवरची घ्यायचा, गजराची घ्यायचा. नाजूक काही आलं की म्हणायचा, पलीकडच्या चौकात दाखवा. राहता राहिलं बोलणं, तर आमच्याकडे आला की तो मला म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याला सांग, पंखा कमी कर." नवरा हातभर अंतरावर बसलेला असायचा.

"दादा येतोय," मी नवऱ्याला म्हटलं. "बकरी ऐकायला. शेवटची."

पेपर खाली आला. नवऱ्याचा चेहरा पाहून मला वाटलं, याला आनंद झाला. तो उठून माझ्या मागे स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"पहिली बाजू लावू," तो म्हणाला. "दुसरी नको."

"का?"

"तो टक् सुईचा नाहीये."

मला कळलं नाही. तो भिंतीकडे बघत बोलायला लागला. कारखान्याच्या कामाला परगावी गेला असताना तिथल्या एका संग्रह करणाऱ्यानं याला घरी नेलं. त्याच्याकडेही बकरी होती, जवळजवळ न वाजवलेली. यानं हौसेनं दुसरी बाजू लावायला सांगितली. सगळी वाद्यं थांबली आणि त्याच जागी, टक्.

"ड्रमवाल्याची काठी पडलीय गं. नीट ऐकलं तर टक्नंतर घरंगळल्याचाही आवाज आहे. सुईच्या टोच्याला घरंगळता येतं का? घरी येऊन आपली लावली. हुबेहूब तेच."

"आणि तुला दिव्याखाली टोचा दिसला होता."

"दिसला होता खरा. तेव्हा दिसला."

"हे कधी कळलं तुला?"

"धाकटी शाळेत जायला लागली, त्या वर्षी."

"ती आता नोकरी करते!"

माझ्या हातात कपबशी होती. ती मी फोडली नाही हा माझा मोठेपणा. "इतकी वर्षं? तो माणूस स्वतःच्या हाताला घाबरून जगला आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"कसं सांगणार होतो? सगळ्यांसमोर बोललो होतो. आधी लाज वाटली, मग उशीर झाला, मग आणखी उशीर झाला."

"आज सांगायचं."

"ऑपरेशन होऊ दे ना. मग शांतपणे लिहून देईन त्याला."

"लिहून? बोललास तोंडानं, परत घेशील तेही तोंडानं. उद्या तुला कितीही सुबुद्धी सुचली तरी ती त्याच्या कानावर पडणार नाही. कळतंय का तुला?"

मीच दादाला सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं, पण मी सांगितलं असतं तर तो नुसता निरोप झाला असता. हे याच्याच तोंडून जायला हवं होतं.

दुपारभर नवरा तबकडी पुसत होता. आधी मऊ ब्रश, मग शुद्ध पाणी, मग कापड, मग पुन्हा ब्रश. सुईवर भिंग धरून फुंकर मारली. सुईचा दाब मोजायचा काटा तपासला, पुन्हा तपासला. चोराला जसं दारातल्या पावलांकडे लक्ष, तसं त्याचं लक्ष दाराकडे होतं. माझंही होतं. राग इतका आला होता की याच्याशी बोलले असते तर भांडणच झालं असतं. म्हणून मी बोललेच नाही.

दादा आला तो कव्हर टॉवेलात गुंडाळून. वहिनी सामान घेऊन खाली टॅक्सीतच थांबली होती. "ती म्हणाली, तो आवाज माझ्याच्यानं ऐकवत नाही, तुम्ही उरका," दादा हसून म्हणाला. वाळला होता. मला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, दुसरी बाजू लाव. शेवटचं गाणं."

नवरा थेट त्यालाच म्हणाला, "पहिली लावू या ना, काट्या. पहिली छान आहे."

कित्येक वर्षांनी ती हाक त्या घरात ऐकू आली. दादानं त्याच्याकडे पाहिलं.

"वेळ नाही," तो म्हणाला. "दुसरी."

उजवा कान स्पीकरकडे येईल अशी खुर्ची फिरवून तो बसला. नवऱ्यानं सुई उचलली. त्याचा हात थरथरत होता. दादाला ते दिसलं, मला दिसलं, नवऱ्यालाही दिसलं असणार.

गाणं सुरू झालं. कुणीतरी भरलेलं लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत वर नेतंय, असं ते गाणं. मला यांचं संगीत कधी कळलं नाही, पण त्या दिवशी ते छातीत जाऊन बसत होतं. दादानं डोळे मिटले होते. कपाट वर वर चाललं, आता पोचणार असं वाटलं आणि सगळं थांबलं.

टक्.

दादाचे खांदे आकसले. कुणी मारायला हात उगारल्यावर आकसतात तसे. "तो बघ," तो हळूच म्हणाला. "माझा."

गिटार पुन्हा धडाडलं. नवरा वाकला, त्याच्या कानाशी गेला आणि काहीतरी बोलला. ओठ हलले, बराच वेळ हलले. दादा डोळे मिटून ठेक्यावर मान हलवत राहिला. नवरा सरळ उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. सांगितलं बाई एकदाचं, असा चेहरा.

तो डाव्या कानात बोलला होता.

कोणता कान गेलाय हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दादाशी बोलायचं तर सगळे उठून उजवीकडे जातात. त्यात एवढा धडधडाट चालू. याला सांगायचंही होतं आणि ऐकू जायलाही नको होतं. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी प्लेअरपाशी गेले आणि चालू गाण्यात सुई उचलली.

"अगं!" दोघं एकदम ओरडले. भांडणानंतर या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. असं मधेच कुणी सुई उचलत नाही. मला माहीत होतं.

"उजव्या कानात," मी नवऱ्याला म्हटलं. "आता. नाहीतर ही तबकडी मी गुडघ्यावर मोडते."

दादा माझ्याकडे बघायचा, त्याच्याकडे बघायचा. नवरा खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आला आणि जमिनीवर बसला.

"काट्या, तो टक् तुझा नाही. सगळ्याच तबकड्यांत आहे. त्यांच्या ड्रमवाल्याची काठी पडलीय. मी दुसऱ्या ठिकाणी ऐकला."

दादानं विचारलं, "कधी?"

नवऱ्यानं सांगितलं. धाकटी शाळेत जायला लागली, त्या वर्षी. दादाची नजर स्वतःच्या हातांवर गेली. त्यानं ते उलटे केले, सुलटे केले. माझ्या मनात आलं, हा आता उठेल, कव्हर उचलेल आणि पुन्हा तसाच निघून जाईल. तो उठला. पण प्लेअरकडे गेला. नवरा सुई ठेवायला धावला.

"थांब," दादा म्हणाला. "मी ठेवतो."

त्यानं सुई उचलली, गाण्याच्या सुरुवातीची फट नजरेनं शोधली आणि ठेवली. झोपलेल्या बाळाला खाली ठेवावं तशी. हात जराही हलला नाही. मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही.

पुन्हा कपाट जिन्यावरून चाललं. दादा उभाच होता, उजवा कान स्पीकरला जवळजवळ चिकटवून. आम्ही दोघं श्वास धरून. खाली हॉर्न वाजत होता. वाद्यं थांबली.

टक्. आणि मग, अगदी बारीक, लाकडी जमिनीवर काहीतरी गोल गोल जात दूर गेलं.

"घरंगळली," दादा म्हणाला. मग त्याला हसू फुटलं. "अरे गाढवा, धरता येत नव्हती काठी? तिकडे तुझी काठी पडली आणि इकडे आमची घरं मोडली!" हसता हसता त्याचा आवाज फाटला. गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. संपल्यावर सुईही त्यानंच उचलली. टॉवेलातून कव्हर काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

नवरा कव्हर हातात घेऊन उभा राहिला. "चुकलो, काट्या," तो म्हणाला. अगदी पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"चुकलो."

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं."

"चुकलो!" नवरा ओरडला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज खालपर्यंत गेला असणार, कारण हॉर्न थांबला.

दादाचा उजवा कान त्या दिवशी ऐकायला ठणठणीत होता. लाकडावर घरंगळलेली काठी ज्याला ऐकू गेली, त्याला नवऱ्याचं पहिलं पुटपुटणंही गेलंच होतं. दादा खुर्चीत बसला, त्यानं कान नवऱ्याकडे फिरवला आणि डोळे मिटले.

"पुन्हा," तो म्हणाला.