दुर्बिणीवरचा अंगठा

मेण किती लावायचं, हे मी तेहेतीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं. संग्रहालयात माझं काम धातूच्या वस्तू राखायचं. तलवारी, कुलपं, घड्याळं, तराजू. आधी स्पिरिटने पुसून वस्तू कोरडी ठणठणीत करायची, मग मेण, तेही हरभऱ्याएवढं. फडक्यावर घेऊन गोल गोल फिरवायचं, सुकून धुरकट दिसलं की मऊ कापडाने चमकवायचं. झालं! पण नवी माणसं बुटाला पॉलिश फासावं तसं फासायची आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

आणि हातमोजे. उघड्या बोटाचा घाम नुसत्या पितळेवर पडला की महिन्या-दोन महिन्यांत तिथे तपकिरी ठसा उमटतो, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. मेण असलं तर घाम मेणावरच अडतो. फडकं फिरवलं की निघून जातो, धातूला पत्ताही लागत नाही.

घरातही मी तेच केलं. वडील बंदरावर कामाला होते, त्यांची पितळी दुर्बीण, होकायंत्र, घंटा, चार-पाच दिवे, सगळं दर दोन महिन्यांनी मेण लावून लखलखीत. माझी बायको मात्र हातमोज्यांच्या नावाने हसायची. येता-जाता प्रत्येक वस्तूला हात लावायची. दुर्बीण तर तिचीच. रोज सकाळी चहाचा कप कठड्यावर ठेवून समोरच्या इमारतीतल्या लोकांची हजेरी घ्यायची. "तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आज मिशी काढली हो! अगदी सोललेला बटाटा!"

"अगं, ठसे उमटतील," मी खेकसायचो.

"मग पुसा की. तुम्हाला दुसरं येतं काय?" आणि वर म्हणायची, "मलाही एकदा मेण लावून ठेवा, टिकेन तरी."

आम्हाला मूलबाळ नाही. आपल्यामागे या वस्तू कोण पुसणार, म्हणून दुर्बीण संग्रहालयाला द्यायची हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. देण्याआधी जुनं मेण उतरवून नवं लावावं, म्हणून मी ती एका संध्याकाळी स्पिरिटने स्वच्छ केली. सकाळी मेण लावणार होतो. सकाळी हिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात चार दिवस, आणि संपलं. घरी आलो तेव्हा दुर्बीण कठड्याजवळच्या टेबलावर होती. मी ती बघितलीसुद्धा नाही. कापडात गुंडाळली आणि कपाटात टाकली. उघड्या धातूला बिनमेणाचं ठेवून दिलं. मी! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याची सालटी काढली असती.

त्यानंतर घर खायला उठलं. मला वेड लागल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू? भिंग घेऊन घरभर हिंडायचो. होकायंत्र बघ, घंटा बघ, दिवे बघ. एकतीस वर्षं ती या वस्तू हाताळत होती, कुठेतरी एक बोट राहिलं असेल. कुठेच नव्हतं. दुर्बीण तर मी त्या संध्याकाळीच स्वच्छ पुसली होती, म्हणून ती काढलीच नाही. मी माझं काम इतकं चोख केलं होतं की माझ्याच घरात माझी बायको राहिली होती याचा पुरावा उरला नव्हता. त्या दिवशी मी मेणाचा डबा भिंतीवर फेकला. भिंतीचा टवका उडाला. आवाज झाला, पण काय झालं म्हणून विचारायला कोण येणार?

सहा महिन्यांनी संग्रहालयातून फोन आला. चष्मिश बोलत होती. ती माझ्या हाताखाली शिकली, आता माझ्याच खुर्चीत बसते. "सर, सोमवारी दुर्बीण न्यायला येऊ ना?"

म्हणून रविवारी मी कापड सोडलं. नळीच्या खालच्या बाजूला, धरायच्या जागी, अंगठा होता. तपकिरी, ठळक. मधोमध तिरकी रेघ. कांदा चिरताना सुरी लागून हिच्या अंगठ्यावर तो वण पडला होता. टाके मीच घालून आणले होते. म्हणजे दुखायला लागण्याआधी त्या सकाळीही तिने हजेरी घेतली होती.

मी खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. ती गेली तेव्हा रडलो नव्हतो.

मग धंद्याचं डोकं चालायला लागलं. ठसा राहू दिला तर आमच्या घराच्या ओलीत तो पसरणार. दोन-तीन वर्षांत रेघा जाऊन नुसता डाग उरेल. वरून मेण लावलं तरी आतला घाम धातूला खात राहणार. टिकायचा असेल तर तो एकाच ठिकाणी टिकेल, संग्रहालयाच्या कोरड्या कपाटात. आणि संग्रहालयात गेल्यावर पहिलं काम काय होतं? वस्तू साफ करतात. तो नियम मीच घालून दिलेला.

चष्मिश सोमवारी साडेदहाला आली. मोजे चढवले, दुर्बीण दिव्याखाली धरली, आणि अर्थातच तिला दिसलं. शिकवलं कुणी होतं!

"सर, इथे ठसा उमटलाय." पिशवीतून स्पिरिट आणि पेस्टची ट्यूब काढली. "कोवळा आहे. दोन मिनिटांत जाईल."

"हात लावलास तर याद राख!"

ती दचकली. ट्यूबचं झाकण टेबलाखाली गेलं.

"बायकोचा आहे तो," मी म्हणालो. "तेवढाच आहे. बाकी सगळं मी पुसून टाकलं."

तिने गुडघ्यावर बसून झाकण शोधलं, ट्यूबला लावलं, ट्यूब पिशवीत टाकली. मग म्हणाली, "सर, मग ठेवून घ्या ना घरी. मी साहेबांना सांगते काहीतरी."

"घरी ठेवला तर जाईल. तुलाही माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिने फॉर्म काढला. वस्तू आत घेताना भरायचा तो फॉर्म, त्यात दोन रकाने. 'नुकसान' या रकान्यात जे लिहिलं जातं ते प्रयोगशाळा काढून टाकते. 'मूळ' या रकान्यात जे असतं त्याला कुणी, अगदी संचालकसुद्धा, हात लावू शकत नाही. शिकत असताना चष्मिशने एकदा एका कुलपाचा मागाहून बसवलेला खिळा 'मूळ' म्हणून लिहिला होता. मी तिचा अख्खा फॉर्म फाडला होता आणि ती जिन्यात जाऊन रडली होती.

पेन हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "सर, कुठे लिहू?"

तेहेतीस वर्षांत मी एकदाही खोटी नोंद केली नव्हती.

"मूळ," मी म्हणालो. "मूळमध्ये लिही."

तिने लिहिलं. 'नळीच्या खालच्या बाजूस अंगठ्याचा ठसा. काढू नये.' मग विचारलं, "सर, ठसा कुणाचा, तेही लिहावं लागेल. बाईंचं पूर्ण नाव?"

गेले सहा महिने हे नाव मला सगळीकडे विचारत होते. फोनवाले, वाचनालयवाले, मतदार यादीवाले, दवाखान्याचा तो खिडकीतला माणूस. प्रत्येकाने ऐकलं, यादीत शोधलं आणि काट मारली. मी सांगायचो आणि ते काट मारायचे. लिहून घ्यायला कुणी विचारलं नव्हतं.

मी नाव सांगितलं. लग्नाआधीचं आडनावही सांगितलं. चष्मिशने काळ्या शाईने, घाई न करता, सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि बरोबर आहे ना ते बघायला कागद माझ्यापुढे सरकवला.