आधी पांढरा रंग

फांगकाकांनी जमिनीला टेकवलेलं कपाळ वर उचललं, तेव्हा त्यांच्या नाकावरच्या पांढऱ्या ठिपक्याला माती चिकटलेली होती.

"आणखी एकदा," लियांग म्हणाला. तो गावचा प्रमुख. आज त्याच्या आईचा नव्वदावा वाढदिवस होता, आणि नाटकमंडळीही त्यानंच बोलावलेली होती.

फांगकाका पुन्हा वाकले. समोर खुर्चीत लियांगची आई, गावच्या आजी, लाल गोधडीत गुंडाळून बसल्या होत्या. मागे मंडळीचा ट्रक उभा होता. त्याची एक बाजू खाली पाडली की स्टेज तयार होई. त्या स्टेजच्या पायरीवर रूयिन राणीच्या वेशात उभी राहून आपल्या लांब पांढऱ्या बाह्यांच्या घड्या घालत होती. या बाह्यांची घडी मनगटाच्या एका झटक्यात घालणं तिला बाराव्या वर्षापासून येत होतं. तरी ती घालत राहिली.

चूक तिची होती. राणीचं दीर्घायुष्याचं गाणं आणि दुसऱ्या एका नाटकातला विधवेचा विलाप, दोन्हींची चाल एकच. या भागातल्या नाटकांत चाली मोजक्याच, शब्द तेवढे बदलायचे. महिनाभर मंडळी गावोगाव हिंडत होती. एका गावात मंदिराचा उत्सव, दुसऱ्यात कुणाची साठी-सत्तरी. सकाळी आशीर्वाद, दुपारी रडणं. आज चाल सुरू झाली आणि रूयिनचं तोंड आपल्या वाटेनं निघालं. 'उशाशी दिवा ठेवा, पांढरं कापड आणा.' नव्वदीच्या म्हातारीसमोर. वाजवणाऱ्यांचे हात जागच्या जागी थिजले.

मंडळीचे विदूषक फांगकाका राणीचा नोकर झाले होते; त्यांनी तेवढ्यात स्टेजवर लोळण घेतली आणि गळा काढला, "अगं माझी शेळी गेली गं! राणीसाहेब, माझ्या शेळीसाठी तुम्ही रडताय, केवढे उपकार!"

लोक हसले. मग हे तर मरणाचं गाणं, असा पुढच्या रांगेतल्या एकाच्या डोक्यात उजेड पडला आणि तो टोमणा मारत ओरडला, "वा! वा!" चांगल्या जागी मिळालेली 'वा' नटाला पोट भरल्यासारखी वाटते. भलत्या जागी मिळाली, तर तीच चप्पल खाल्ल्यासारखी लागते. लियांग स्टेजवर चढला. मरणाचं गाणं कुणी आणलं, असं त्यानं विचारलं, तेव्हा फांगकाकांनीच हात वर केला.

"मी, साहेब. लोकांना हसवायला नवी गंमत बसवली होती. पोरीला मीच गायला लावलं."

रूयिनचं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं.

लियांगनं विश्वास ठेवला. विदूषकाबद्दल असलं काही सांगितलं की कुणालाही पटतं. मग त्यानं काकांना आईसमोर कपाळ टेकायला लावलं.

नंतर ट्रकमागे येऊन मंडळीचे मालक ज्याओ म्हणाले, "प्रमुख म्हणतात, हा माणूस राहिला तर उद्यापासून खेळ बंद. आणि शेजारच्या गावांतही कळवतील."

"उद्या सकाळची बस आहे ना?" फांगकाका तोंड धुता धुता म्हणाले.

"काका, मी सांगते त्यांना," रूयिन म्हणाली. म्हणाली खरी, पण अशा आवाजात की कुणीतरी 'नको' म्हणावं.

"काय सांगशील? तुला काढलं तर राणी कोण होणार? मी? हा मुकुट या टकलावर बसेल तरी का?"

सगळे हसले. रूयिनही हसली. आपलं हसणं कानावर पडलं तेव्हा तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. स्टेजवर कसं पडायचं म्हणजे हाड मोडत नाही, हे याच माणसानं तिला शिकवलं होतं. आज मात्र तो तिच्या वाट्याचं पडला होता.

सकाळी फांगकाका बोचकं घेऊन निघाले, तेव्हा रूयिन ट्रकच्या सावलीत तिखट सूप पीत बसली होती. त्यांनी लांबून हात केला. तिनं पटकन फोन कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलत असल्यासारखी पाठ वळवली. फोनवर कुणीही नव्हतं.

दुपारच्या खेळाची वेळ झाली. ट्रकमागे आरसे मांडले, रंगाच्या डब्या उघडल्या, सगळे आपापल्या जागी बसले. पण डबीत कुणी बोट घालेना.

या धंद्यात विदूषकानं नाकावर पांढरा लावल्याशिवाय कुणी रंगाला हात लावायचा नसतो. कुणा बादशहानं कधीकाळी विदूषकाचं काम केलं होतं म्हणे, तेव्हापासूनचा हा मान आहे. कपड्यांच्या कुठल्याही पेटीवर बसायचा हक्कही त्याचाच. बाकीच्यांनी स्टुलावर बसायचं. फांगकाकांची पेटी रिकामी होती.

"अरे, काय बघता एकमेकांच्या तोंडाकडे?" ज्याओ खेकसले. "पेई, तू बस तिथे. आज विदूषक तू."

पेई शिपायांची कामं करायचा. तो जागचा हलला नाही. "मालक, मला भाला द्या, घोडा द्या. ती पेटी नका देऊ. कालचं सगळ्यांनी पाहिलंय."

'सगळ्यांनी' म्हणताना त्यानं रूयिनकडे बघायचं टाळलं. बाकीच्यांनीही टाळलं. नुसतं कुणी बघितलं असतं तरी तिला सोसलं असतं.

ती उठली आणि तशीच बिनरंगाच्या तोंडानं लियांगच्या घरी गेली.

आजी अंगणात उन्हाला बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना ऐकू येत नाही असं सगळे म्हणत, म्हणून रूयिन त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, काल ते गाणं—"

"ओरडतेस कशाला? बहिरी आहे का मी?"

रूयिन गुडघ्यांवर बसली. "ते गाणं माझं चुकलं, आजी. फांगकाकांनी काही केलं नव्हतं."

"माहीत आहे मला." आजींनी एक शेंग फोडली. "त्या विलापाचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. नवऱ्यासाठी म्हटलाय, दोन मुलांसाठी म्हटलाय. तो कुणाच्या तोंडून आला ते कळायला काय लागतं? त्या बिचाऱ्याचं तोंड बंद होतं."

"मग तुम्ही..."

"बहिरी असल्याचं सोंग घरात सोयीचं पडतं. कुणी काही विचारत नाही." त्या दाणे चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो कपाळ टेकत होता तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. बाह्यांच्या घड्या घालत होतीस. मला वाटलं, ही घडी संपली की बोलेल. मग वाटलं, पुढची संपली की बोलेल."

रूयिनची मान खाली गेली. अंगणात सालींचा ढीग पडला होता. त्यातली एक साल ती उगाच चिमटीत चुरत राहिली.

"आणि तू नाही बोललीस, मग मीही नाही बोलले," आजी म्हणाल्या. "नव्वदीच्या दिवशी माझ्यामुळे एक म्हातारा माणूस मातीत वाकला. लियांगला मी सांगते. घरात अजून माझंच चालतं. तू जा, तोंड रंगव. लोक जमलेत."

"नाही रंगवता येत, आजी. विदूषकानं पांढरा लावल्याशिवाय..."

"तो कुठे आहे?"

"बसमध्ये."

आजींनी हातातले दाणे सुपात टाकले. "मग काल ज्याचं हसं व्हायला हवं होतं, त्यानं लावावा."

ट्रकमागे सगळे अजून तसेच बसले होते. रूयिन स्टुलाजवळ थांबली नाही. ती थेट फांगकाकांच्या पेटीवर जाऊन बसली. पांढऱ्या डबीत तिनं बोट बुडवलं आणि नाकाच्या मध्यावर टेकवलं. आरशातून तिला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. कुणी हसलं नाही.

"काल मी चुकले," ती म्हणाली. "आणि गप्पही मीच बसले."

मग सगळ्यांसमोर तिनं फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. पलीकडून बसचा खडखडाट ऐकू आला.

"काका, मी बोलते. आजींना सांगितलं सगळं."

"वेडी आहेस का? खेळ उभा आहे ना?"

"उभा आहे. तोंड रंगवायला बसलोत."

"पांढरा कुणी लावला?"

"मी."

मग फांगकाका म्हणाले, "झालं काम. आता पूस तो. राणी आहेस तू, लोक हसतील."

"परत या ना, काका."

"आधी पूस," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

पाठीमागे डब्या सरकल्या. एकेकानं रंगात बोट घातलं. रूयिननं गालांना गुलाबी लावला, भुवया ओढल्या, मुकुट चढवला. नाकाला मात्र तिनं हात लावला नाही. ज्याओ दोनदा काही बोलायला आले आणि दोन्ही वेळा परत गेले.

पडदा सरकला. राणी पुढे आली, आणि जिथे नोकरानं उभं राहायचं ती जागा तिच्या डावीकडे मोकळी होती. समोर लाल गोधडीत आजी होत्या, शेजारी मान खाली घातलेला लियांग. गर्दीला क्षणभर काही उमगेना. मग मागच्या कुठल्याशा रांगेतून कुणीतरी कुत्सितपणे ओरडलं, "वा! राणीच्या नाकावर विदूषक! वा!"

हशा पिकला. रूयिननं तो पुरता होऊ दिला. मग आजींसमोर गुडघे टेकले, आणि काल काकांनी मातीला टेकवलं तसं कपाळ फळीला टेकवलं. लांब पांढऱ्या बाह्या दोन्ही बाजूंना धुळीत पसरल्या होत्या. त्या तिनं सावरल्या नाहीत.