मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. गाडीला ब्रेक असतोच, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, मी चालवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा गडबडला तर मास्तरांनी तो दाबायचा. तो मी.

माझा जन्म एका गॅरेजात, तेलाने काळ्या झालेल्या बाकावर झाला. मिस्त्रीने लोखंडाची पट्टी तापवली, वाकवली, तिला भोकं पाडली, वर रबर चढवलं आणि एका सळईने मला मोठ्या ब्रेकशी जोडून दिलं. मग अंगठ्याने दोनदा दाबून पाहत तो मास्तरांना म्हणाला, "हा कधी दाबावा लागू नये हीच देवापाशी प्रार्थना. पण लागलाच, तर दगा द्यायचा नाही." जन्मतःच एवढा आशीर्वाद किती जणांच्या वाट्याला येतो? घडवणाऱ्याने मला एकच शब्द शिकवला होता, 'थांब.' मी तोच आयुष्यभर जपला.

आमचे मास्तर स्वभावाने लोणी. आवाज मात्र खरखरीत. "अहो, गाडी आहे ती, म्हैस नाही! कान पिरगाळून वळत नसते!" असं ते ओरडत आणि लगेच खिशातली खडीसाखर काढून शिकणाऱ्याच्या हातावर ठेवत. त्यांच्या बुटाचा तळवा मला आईच्या हातासारखा ओळखीचा झाला होता. माझ्यामुळे एक सायकलवाला वाचला, भिंती तर किती वाचल्या! पण पास झालेला माणूस गाडीच्या टपावर थाप मारून जाई, मास्तरांना पेढे देई. मला कोण विचारतो? मी वाईट वाटून घेतलं नाही. ज्याचं नाव कुणी घेत नाही तोही देवाच्या वहीत असतोच.

मग एके दिवशी शिंपीकाका आले.

वय अठ्ठावन्न. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, बाहीला टाचणी. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले आणि काकूंनी ते आपल्या छोट्या गाडीतून घरोघर पोचवले. गाडी काकूंची, चालवणाऱ्याही काकूच. काकांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता काकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा दूरच्या दवाखान्यात डायलिसिस. तिथून येताना त्यांना भोवळ येई, गाडी चालवणं सुटलंच. शेजारी पहाटे नेऊन सोडी, पण त्याची बदली झाली होती आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीला तो बिऱ्हाड हलवणार होता. काका राहायचे त्या भागात भाड्याची गाडी आली तर आली.

शिकाऊ परवाना काकांना झटकन मिळाला. पक्क्या परवान्याच्या चाचणीची तारीख मात्र मिळाली चार महिन्यांनंतरची.

"चार महिने?" काका पहिल्याच दिवशी गाडीत बसून म्हणाले. "मास्तर, तिला चार महिने थांबा म्हणून कसं सांगू?"

"काका, लोक तारखा सोडतात," मास्तर म्हणाले. "कुणी आजारी पडतं, कुणी घाबरतं. सकाळी कचेरी उघडली की सुटलेल्या तारखा पहिल्या येणाऱ्याला देतात. रोज जाऊन विचारायचं. चिकाटी धरायची."

काकांनी चिकाटी धरली. रोज दुकान उघडण्याआधी कचेरीच्या खिडकीशी पहिला माणूस तेच. खिडकीवरचा कारकून त्यांना लांबूनच मान हलवून नाही म्हणायचा. एकदा तर म्हणाला, "काका, तुम्ही आता इथे खुर्चीच टाका, माझी पँट तेवढी अल्टर करून द्या." काकांनी ती खरोखरच करून दिली. तारीख तरीही मिळाली नाही. मग ते येऊन शिकायला बसत, आणि इथेच मित्रांनो, माझं दुःख सुरू होतं.

काकांची एक खोड होती. खोड कसली, चाळीस वर्षांची तपश्चर्याच ती. पायाने चालणारं शिलाई मशीन थांबवायचं तर शिंपी पायावर विसंबत नाही. उजवा हात चाकावर ठेवतो आणि चाक धरतो. मशीन जागच्या जागी थांबतं, सुई बोटात जात नाही. काका सिग्नलला, वळणाला, ठरवून थांबताना ब्रेक नीट दाबत. पण अचानक कुणी आडवं आलं की त्यांचा उजवा हात स्टिअरिंग सोडून हवेत जाई आणि तिथे नसलेलं चाक धरायला बघे. पाय ब्रेकवर येई तो क्षणभर उशिरा. तेवढ्यात मास्तरांचा बूट माझ्यावर पडलेला असे. गाडी थांबे. काकांना वाटे, आपणच थांबवली.

पहिल्या खेपेला मास्तरांनी दाबलं ते कर्तव्य होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी तोंड उघडलं. काकांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि मिटलं. तिसऱ्या खेपेपासून त्यांनी मला इतकं हळुवार दाबायला सुरुवात केली, की शेजारच्या माणसाला कळूसुद्धा नये. आधीच खचलेला माणूस, त्याला आणखी कशाला खचवायचं? याला आम्ही दया म्हणतो. मीही तेव्हा म्हणालो.

एकदा काकू मागच्या सीटवर बसून आल्या. अंगावर शाल, चेहरा सुजलेला, पण जीभ शाबूत.

"अहो, बाहीला एवढं वळण देत नाही तुम्ही, गाडीला कशाला देताय?"

"तू गप बस गं. मास्तर आहेत शिकवायला."

"मास्तरांनी महिनाभर शिकवलंय. मी चाळीस वर्षं सोसलंय."

मास्तर मनापासून हसले. तेवढ्यात एका गल्लीतून कुत्रं धावत आलं. काकांचा हात उडाला, मास्तरांनी मला दाबलं, गाडी लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली.

"मऊ लागला हो ब्रेक," काकू म्हणाल्या. त्या जन्मभर गाडी चालवलेल्या बाई. "तुमचा पाय इतका शहाणा कधी झाला?"

काका खुलले. "बघ! उगाच नावं ठेवत असतेस."

"मास्तर, खरंच यांनी दाबला?"

मित्रांनो, त्या एका प्रश्नाला एकच उत्तर पुरेसं होतं. मास्तरांचा पाय अजून माझ्यावरच होता.

"काका चांगले तयार होताहेत," मास्तर म्हणाले.

काकूंनी शाल ओढून घेतली. "मग देवच पावला म्हणायचा."

त्याच आठवड्यात मास्तरांकडे शिकणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीची तारीख आली होती. मास्तरांनी तिला तोंडावर सांगितलं, "पोरी, तू अजून आरशात बघत नाहीस. आता गेलीस तर नापास होशील. तारीख सोड." ती रडली, रागावली आणि सोडून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी पहिले होते ते काका. येत्या गुरुवारची ती तारीख त्यांना मिळाली. त्यासाठी चार महिन्यांनंतरची आपली तारीख त्यांनी परत केली. तसा नियमच होता.

काका धावतच गाडीत आले. "मास्तर, मिळाली! शेजारी जायच्या आत मिळाली!" त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. पोरीला जे सांगितलं ते मास्तरांना काकांना सांगता आलं नाही. आडवं कुणी येईल कशावरून? देव पाठीशी आहे. असं म्हणत त्यांनी उरलेले दोन दिवस काकांना मोकळ्या रस्त्यावरच फिरवलं.

गुरुवारी मास्तरांच्या जागी तपासनीस बसले. अनोळखी बूट, जड, कोरडा. नियम साधा होता. चाचणीत तपासनिसाचा पाय माझ्यावर पडला की चालवणारा नापास.

काकांनी गाडी सुंदर काढली. वळणं घेतली, उतारावर धरली, आरसे पाहिले. परतीचा शेवटचा रस्ता उरला होता. एका दुकानातून एक बाई फळांची ढकलगाडी घेऊन उलट्या पावली रस्त्यावर आली.

काकांचा उजवा हात हवेत गेला.

जड बूट माझ्यावर पडला. मी थांबवलं. मी दगा दिला नाही. बाई वाचली, तिच्या गाडीवरचं एक फळही खाली पडलं नाही. आणि ज्या माणसासाठी मी महिनाभर देवाला आळवत होतो, त्याला मीच नापास केलं.

तपासनीस कागदावर खूण करून उतरले. मास्तर आत येऊन बसले. काकांच्या हातून कागद खाली पडला, तो उचलायला ते माझ्यापाशी वाकले आणि तसेच थांबले. त्यांनी माझ्या रबरावरून अंगठा फिरवला.

"मास्तर, हे रबर नवं कधी टाकलं होतं?"

"दोन्ही ब्रेकची एकदमच टाकली होती. तुम्ही यायला लागलात त्याच आठवड्यात."

"कापड कुठे झिजतं ते मला कळतं," काका सावकाश म्हणाले. "कोपर झिजलं की माणूस लिहिणारा, गुडघा झिजला की खाली बसून राबणारा. हे रबर माझ्या ब्रेकपेक्षा जास्त झिजलंय."

मास्तरांनी मान खाली घातली. "तुमचा हात सुटतो, काका. दचकलात की सुटतो. रोज मीच दाबत होतो. तुमच्याकडे बघून बोलवेना."

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सांगायचं होतंत. हात बांधून चालवली असती मी." कागदाची घडी करत ते पुन्हा म्हणाले, "तिला कळलं होतं. तिने विचारलं होतं तुम्हाला."

नवी तारीख सहा महिन्यांनंतरची मिळाली. शेजारी ठरल्या दिवशी गेला. भाड्याची गाडी कधी आली, कधी आली नाही. दोनदा डायलिसिस चुकलं. तिसऱ्या खेपेला गाडी आली, पण उशिरा आली. काकू तोवर गेल्या होत्या. काकूंची छोटी गाडी तेव्हा दारातच उभी होती, टाकी भरलेली.

काका पुन्हा येतील असं मास्तरांना वाटलं नव्हतं. ते आले. सोबत जाड कापडाची एक पट्टी होती. ती त्यांनी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला घट्ट शिवून टाकली. "हाताला शिवण लागली की हात सुटत नाही," ते म्हणाले. "आणि मास्तर, तुमचा पाय मागे घ्या."

रिकाम्या मैदानात मास्तर पाय सीटखाली दुमडून बसत आणि मध्येच ओरडत, "थांबा!" पहिले कित्येक दिवस गाडी पुढे जाई. मास्तर दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवत, पण पाय माझ्यावर येऊ देत नसत. मग हळूहळू हात शिवणीवर राहू लागला आणि काकांचा पाय वेळेवर पोचू लागला.

दुसऱ्या चाचणीला जड बूट माझ्याजवळ बसून राहिला. माझ्यावर एकदाही पडला नाही. त्याच दिवशी ती कॉलेजची मुलगीही पास झाली. ती उड्या मारत होती. काका गाडीतच बसून होते, उजवा हात शिवणीवर.

"आता थांबवता येते, मास्तर," ते म्हणाले. "दवाखान्याच्या दारात अगदी अलगद थांबवली असती."

मास्तरांनी खिशातली खडीसाखर काढली, पण ती काकांच्या हातावर ठेवायला त्यांचा हात पुढे होईना.

ती गाडी आता भंगारात गेली. मला मात्र मास्तरांनी सोडवून घेतलं. मी त्यांच्या टेबलावर असतो, गंजलेला, रबराचं एक टोक निघालेलं. कुणी येऊन विचारतं, "मास्तर, तारीख लवकर मिळेल का हो?" तेव्हा ते मला उचलून त्याच्या हातात देतात आणि आधी माझी गोष्ट सांगतात. गोष्ट सांगताना काकूंचा प्रश्न ते दर वेळी दोनदा सांगतात.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या ब्रेकचं एवढं ऐका. कुणी चुकत असेल तर त्याच्या नकळत त्याची चूक झाकू नका. त्याला हाक मारा, थांबवा, सांगा. त्याला राग येईल, रडू येईल. ते येऊ द्या. आणि तुमच्यावर माया करणारं कुणी तुम्हाला असं थांबवू पाहील, तेव्हा त्याच्यावर रुसू नका. मला जन्मभर एकच शब्द येत होता. तो मी लोखंडाने म्हटला. मास्तरांनी तो तोंडाने म्हणायला हवा होता.