रविवारची चार वाजताची गाडी

बुधवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत दिग्विजयचा फोन आला. दिग्विजय माझा धाकटा भाऊ, चेन्नईला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. एरवी फोन केला की आधी माझी चेष्टा करतो. त्या दिवशी सरळच म्हणाला, "ताई, आबांनी मुद्दाम बंद केला का गं?"

"काय बंद केलं?"

"कम्प्युटर. मी बोलत हुतो, आन् एकदम आवाजच गेला. परत आलेच न्हाईत."

मी खोदून खोदून विचारलं. ती माझी जुनी खोड आहे. बारामतीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि 'असंच झालं' हे उत्तर मी पोरांकडूनही चालवून घेत नाही.

आमचे आबा, म्हणजे सणसरचे मोहनराव, तीस वर्षं उसाचा ट्रक चालवत होते. चार वर्षांपूर्वी शेळगावजवळ त्यांचा ट्रक रस्ता सोडून कालव्याच्या भरावावरून खाली उतरला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि आबांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशनसाठी त्यांना बारामतीला नेलं, त्याच आठवड्यात दिग्विजयने त्यांना न विचारता ट्रक विकून टाकला. कागदोपत्री तो त्याच्याच नावावर होता. आबा घरी आले तर अंगणात ट्रकच्या जागी ऑइलचा काळा डाग तेवढा उरला होता. पुढची दोन वर्षं बापलेकाचं बोलणं म्हणजे 'जेवलास का', 'जेवलो', 'ठेवतो'.

मग दिग्विजयने घरी एक कम्प्युटर पाठवला. सोबत टेबलाला लावायचं स्टिअरिंग, पायाशी ठेवायचे ब्रेक-क्लच, आणि परदेशातल्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा एक खेळ. दोन दिवस आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले ते आईने चारदा जेवायला हाक मारली तरी उठेनात. "रस्ते झ्याक हायेत," म्हणाले, "पन तितं कुनी हॉर्नच वाजवत न्हाय." तेव्हापासून दर रविवारी चार वाजता दिग्विजय तिकडून आणि आबा इकडून, कानाला हेडफोन लावून, एकामागे एक ट्रक चालवत. तासभर बोलत. माल काय भरलाय, घाट कसा आहे, आणि मधूनच घरचं काहीबाही. समोरासमोर ते दोघं इतकं कधी बोलले नव्हते.

"मागच्या रविवारी मी धीर केला, ताई. म्हनलं, आबा, तुमास्नी न इचारता ट्रक इकला, त्ये चुकलं माझं. आन् तिकडनं सगळं गप."

"आईला विचारलंस का?"

"आई म्हनती मशीन बिघडलं. दोन वर्षं बिघडलं न्हाय, आन् नेमकं त्याच शब्दाला बिघडलं व्हय?" मग म्हणाला, "या रविवारी चार वाजता मी वाट बघनार. न्हाय आले तर समजनार मी. परत इषय काढनार न्हाय."

आमच्या घरात शब्द पाळतात, हीच मोठी अडचण आहे. हा आता खरंच पुन्हा बोलणार नाही, हे मला कळून चुकलं. आणि खरं सांगायचं तर आबांचा संशय मलाही येत होता. एकदा बातम्यांवर चिडून त्यांनी रेडिओ ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला होता.

रविवारी सकाळीच मी जळोचीच्या माझ्या घरून स्कूटर काढली आणि साडेदहाला सणसर गाठलं. आबा खुर्चीवर बसून काळ्या पडद्याकडे बघत होते. दसरा नुकताच होऊन गेला होता. स्टिअरिंगला गंध लावलेलं, वर झेंडूचं वाळकं फूल अडकवलेलं.

"काय झालं वो आबा?"

"चालू हुतंय. धा-पंधरा मिंटं ग्वाड चालतंय. मग काळं, आवाज बी बंद. इंदापूरच्या दुकानवाल्याला फोन केला, त्यो म्हनला कार्ड गेलं, नवं टाका."

न बघता निदान करणाऱ्यांचा मला संताप येतो. पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड डब्याच्या आत असतं. त्या माणसाने डबा तरी उघडला होता का?

"दिगू काय बोलत हुता तवा?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काय न्हाय ऐकलं मी," आबा चटकन म्हणाले आणि खिडकीबाहेर उसाकडे बघू लागले. इतकं चटकन उत्तर वर्गात आलं असतं तर मी त्या पोराला उभं केलं असतं.

मी कामाला लागले. वर्गात सांगते तोच नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिला संशय विजेवर. आमच्या वस्तीवर शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातले दिवे मान टाकतात. मी कम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला. बारा मिनिटांनी पडदा काळा. मग धूळ. आईच्या शिलाई मशीनचा ब्रश घेऊन पंखे झाडले, फुंकर मारून मारून माझंच डोकं गरगरायला लागलं. पंखे छान फिरू लागले, पण चौदा मिनिटांनी पडदा काळा. मग कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर पूर्ण काढून नव्याने टाकलं, त्यात तास गेला. पुन्हा काळा.

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जेव की गं आधी. त्ये काय पळून चाललंय?"

पण मला आता चेव आला होता. प्रत्येक वेळी दहा ते पंधरा मिनिटंच का? म्हणजे गार असताना चालतंय आणि तापलं की सुटतंय. काय सुटतंय? मी पडद्याची वायर कार्डातून काढून कम्प्युटरच्या दुसऱ्या जागी लावली, जिथून कार्डाशिवायही साधं चित्र येतं. घड्याळ लावून जेवायला बसले. पाऊण तास झाला, चित्र जागचं हललं नाही. म्हणजे भानगड कार्डातच होती, किंवा कार्ड जिथे बसतं त्या खाचेत.

दोन वाजले होते. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"कार्डाला हात लावू नगं," आबा एकदम म्हणाले.

"का?"

"त्ये... नाजूक असतंय."

तीस वर्षं रस्त्याच्या कडेला ट्रकचा गिअरबॉक्स खोलणारा माणूस मला नाजूक शिकवत होता. यांनी रागाने काहीतरी तोडलंय, आणि ते मला दिसायला नकोय. आता दिग्विजयला काय सांगू? मी स्क्रू काढला, खटका दाबला, कार्ड ओढून हातात घेतलं.

कार्ड धडधाकट होतं. पण त्याच्या खालच्या कडेला, खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांच्या ओळीवर, लालसर ओशट थर होता. नखाने खरवडून वास घेतला. खोबरेल तेल आणि कुंकू.

मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"खंडेनवमीला?"

"व्हय," ते म्हणाले. "कोयता, पान्हं, पक्कड, समदी हत्यारं पुजली. दर साली ट्रकला नारळ फोडायचो. आवंदा म्हनलं, गाडी तर हाय की आपल्याकडं. पन इंजिन न पुजता नुसतं स्टिअरिंग पुजायचं म्हंजी काय? तुझी आई देवळात गेली हुती. मी काढलं, पाटावर ठिवलं, तेलाचा हात दिला, कुंकू लावलं. त्यो सोन्यावानी भाग दिसला, म्हनलं ह्येच त्येचं कपाळ. पुसून परत बशिवलं, पन नीट पुसलं न्हाय वाटतं."

"मग सांगायचं न्हाय का आबा?"

"लोक हसत्याल. म्हातारा खेळण्याची पूजा करतोय म्हनत्याल."

मी हसले नाही. हसू आलंच नाही. ज्या यंत्राचा रागाने गळा दाबला असं मी समजत होते, त्याला या माणसाने ट्रकचा मान दिला होता. मलाच माझी लाज वाटली.

पर्समध्ये पोरांकडून जप्त केलेलं खोडरबर होतं. त्याने सोनेरी दात एकेक करून घासले. आबांच्या साखर तपासणीच्या डब्यातल्या स्पिरिटच्या पट्ट्या घेऊन तेल पुसलं, दोन मिनिटं वाळू दिलं. एव्हाना आबा शेजारी स्टूल घेऊन बसले होते.

"बॅटरीच्या टर्मिनलला मळी चढली की गाडी अशीच करती," ते म्हणाले. "गार हाय तवर चालती. मलाच कळाय पायजे हुतं."

"आता कळलं ना? मग धरा बॅटरी," म्हणून मी टॉर्च त्यांच्या हातात दिली.

कार्ड बसवलं. अडीचला चालू केलं. साडेतीन झाले तरी चित्र ठाम. आबांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि चारला पाच कमी असताना स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मी आवाज हेडफोनऐवजी स्पीकरवर घेतला. मला ऐकायचंच होतं.

चार वाजता पडद्यावर आबांच्या ट्रकपुढे दुसरा ट्रक उभा दिसला.

"आबा?" दिग्विजयचा आवाज आला.

"चल," आबा म्हणाले. "फुडं तू ऱ्हा."

दोघं निघाले. मीच मध्ये तोंड घालून कुंकवाची सगळी हकिगत सांगितली. तो आधी हसला, मग स्टिअरिंगला गंध अजून आहे का म्हणून विचारलं. कुठल्याशा परक्या देशातल्या हिरव्या माळावरून दोन ट्रक चालले होते. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. पडदा काळा झाला नाही.

"आबा," तो म्हणाला, "मागच्या रविवारी मी एक बोललो हुतो. तुमास्नी त्ये ऐकू गेलं नसंल. परत बोलतो."

"ऐकलं हुतं," आबा म्हणाले. "समदं ऐकलं हुतं. बोलाया तोंड उघडलं आन् ह्ये काळं झालं. आठ दिस घोळवतुय."

"मग फोन करायचा की, आबा!"

"फोनवर न्हाय बोलाय येत मला. समूर रस्ता नसतो." त्यांनी गिअर टाकला. नजर रस्त्यावरच होती. "चुकलंच तुझं. इचारायचं हुतंस. पन तू इचारलं असतंस तर मी न्हाय म्हनलो असतो, आन् परत बसलो असतो त्या गाडीत. शेळगावच्या कालव्यावर मला फुडचं कायच दिसत नव्हतं, दिगू. मानूस हाय का झाड, कळत नव्हतं. तरी मी चालवत हुतो. कुनाचं पोर आलं असतं म्होरं तर? ह्ये मी कुनालाच बोललो न्हाय. दोन वर्सं तुझ्याशी धड बोललो न्हाय, त्यो तुझा न्हाय, माझाच राग हुता."

पुढचा ट्रक हळू झाला, रस्त्याच्या कडेला गेला आणि थांबला. त्याचे मागचे पिवळे दिवे लुकलुकू लागले.

"काय झालं रं?" आबांनी घाबरून विचारलं. "तुजं बी कार्ड गेलं?"

"न्हाय, आबा." नाक ओढल्याचा आवाज आला. "मला दिसंना झालंय."

आबांनी आपला ट्रक त्याच्या मागे कडेला घेतला, ब्रेक लावला, दिवे लावले.

"मग थांब," ते म्हणाले. "दिसत नसल्यावर गाडी चालवू नये. मी हाय मागं."